फोटोमागे लिहून ठेवा

जुन्या माळवदाच्या घराचा फोटो कुणी ग्रुपवर टाकला की खाली पाच-पन्नास बदाम पडतात. ‘गेले ते दिवस’ असं एखादा लिहितो आणि विषय संपतो. मला हे पुरेसं वाटत नाही. लिखाणाशिवाय घराचा फोटो अर्धाच असतो, आणि आमच्या बीडमध्ये तर तो चक्क फसवतो.

आमच्याकडे घराचा म्हणून मुद्दाम फोटो कुणी काढलाच नाही. चच्चांकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यातला एक भिंतीवर कोण खर्च करणार? त्यामुळे घर दिसतं ते ईदच्या नव्या कपड्यांमागे, नाहीतर निकाहच्या मांडवामागे. अल्बम बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं रोज शेरवानी घालून बिर्याणीच खात होती! बायकांचे फोटो काढायचे नाहीत, असा आमच्या वडीलधाऱ्यांचा दंडक होता. म्हणून बैठकीचे सात फोटो आहेत आणि चुलीचा एकही नाही. घर ज्या बाजूला जगत होतं तीच बाजू कोरी. एका फोटोत खांबामागे बांगड्यांचा अर्धा हात दिसतो. चच्चींना विचारलं तेव्हा म्हणाल्या, “दादीच है तेरी.” हे त्यांच्याशिवाय आता कुणालाच माहीत नव्हतं.

माळवदाचंही तसंच. फोटोत वर सपाट माती दिसते, एवढंच. तुळयांवर किलचा, त्यावर पाला, त्यावर मातीचा थर. दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, वरून पांढरी माती टाकावी लागे, नाहीतर घरभर भांडी मांडून गळती झेलायची. साण्यातून पडलेला उजेड जमिनीवर सरकत कुठवर आला ते बघून दादी जोहरची वेळ सांगायची. हा उजेड कुठल्या कॅमेऱ्यात आला असता?

नंतरच्या फोटोंत अचानक पत्रे दिसतात. माझ्या मुलांना वाटतं, आजोबांना हौस आली असेल. हौस कसली! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तेव्हापासून अब्बांचा डोक्यावरच्या मातीवर विश्वास उरला नाही. फोटोत पत्रा दिसतो, भीती दिसत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. नुसती आठवणही लबाड असते. माझ्या आठवणीतलं अंगण मैदानाएवढं आहे. फोटोत दोन बाजा टाकल्यावर चालायला वाट नाही. म्हणून दोन्ही शेजारी हवेत. ओरहान पामुक यांनी ‘इस्तंबूल’मध्ये बालपण लिहिताना घरातले फोटो आणि आरा ग्युलेर यांची छायाचित्रं मजकुराच्या बरोबरीनं ठेवली, ते मला यासाठीच पटतं.

पण पामुकांकडे फोटोंचा ढीग होता. आपल्याकडे जुलै १९८९ च्या बिंदुसरेच्या पुरात कित्येकांच्या पेट्याच वाहून गेल्या. त्यांनी काय करायचं? घराचा नकाशा काढावा. वाकडातिकडा चालेल. चूल कुठे, रांजण कुठे, कुराण ठेवायचा ताक कुठे. (शेजारी त्यालाच कोनाडा म्हणत; जो शब्द तोंडात असेल तो लिहावा.)

ज्यांच्याकडे फोटो आहेत त्यांनी मागे पेन्सिलीनं लिहावं. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. आणि आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारावं. पुरुषांना फक्त बैठक आठवते.