‘बेट’ लावायची की ‘चेक’ करायचं? पोकरमधला पेच आणि ऑनलाइन गेमिंगचा कायदा

विरार लोकलमध्ये मोबाईलवर पत्ते खेळणारे दिसणं नवं नाही. वसई-नालासोपाऱ्यातही गणपतीतलं जागरण पत्त्यांशिवाय होत नाही. पण खेळात पैसे आले की प्रश्न बदलतात. पोकर हे कौशल्य की जुगार, हा वाद त्यातलाच. तो समजून घ्यायला पोकरमधला एकच निर्णय पाहू.

नेमका पेच काय?

समजा, तुमच्याकडे दोन दश्श्या आहेत. टेबलावर राजा उघडा पडलाय. शेवटची फेरी आहे आणि समोरच्याने ‘चेक’ केलं, म्हणजे पैसे न लावता पुढची पाळी तुम्हाला दिली. तुमचे पत्ते चांगलेही नाहीत, वाईटही नाहीत. मधल्या पॉटमध्ये १,००० रुपये आहेत. आणखी ५०० लावायचे का?

नवखा खेळाडू विचारतो, ‘मी पुढे आहे का?’ मुरलेला विचारतो, ‘मी पैसे लावले, तर ते स्वीकारणार कोण?’

समजा, अशा १० डावांपैकी ६ वेळा समोरचा कमकुवत पत्ते टाकून देईल. ते डाव तुम्ही ‘चेक’ करूनही जिंकलाच असता, म्हणजे जादा फायदा शून्य. उरलेल्या ४ वेळा तो ५०० भरेल. त्यात ३ वेळा त्याच्याकडे राजा असेल, तर १,५०० गेले; एकदा तुम्ही सरस ठरलात, तर ५०० आले. दहा डावांत १,००० रुपयांचा तोटा. म्हणून इथे ‘चेक’ बरं. हेच प्रमाण उलटं असेल, तर ‘बेट’ फायद्याची.

मग हे कौशल्यच ना?

बऱ्याच अंशी. पण एका डावात नशीब भारी पडतं. कौशल्य दिसायला असे हजारो डाव लागतात. कायद्यातही म्हणूनच एकमत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटलं. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगारातून वगळलं, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर जुगारच ठरवला. महाराष्ट्रातला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देतो.

२०२५ मध्ये काय बदललं?

केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, या कायद्याने त्यावर बंदी घातली. असा खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. निव्वळ खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

बंदीआधी तरी गणित जुळत होतं का?

काठावरच्या निर्णयातला फायदा मुळात चिमूटभर. त्यातही प्रत्येक पॉटमधून ॲप आपला वाटा कापायचं. ऑक्टोबर २०२३ पासून जमा रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस होताच. एवढं वजा केल्यावर चांगला खेळाडूही तोट्यात जाऊ शकतो. आणि बहुतेक जण तेवढे चांगले नसतात.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

बंदीनंतर टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर परदेशी ॲप्सच्या लिंक फिरताना दिसल्या, तर सावध राहा. तिथे जिंकलात तरी पैसे मिळतील याची खात्री नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

आणि पोकरचा तो प्रश्न इथेही विचारा: मी पैसे लावले, तर ते आनंदाने स्वीकारणार कोण? उत्तर ‘माझ्यापेक्षा वरचढ असलेलाच’ असं येत असेल, तर ‘चेक’ करा.