गाव एका दिवसात उठत नाही

दख्खनमधल्या एखाद्या मध्ययुगीन पांढरीचा अहवाल वाचत शेवटाकडे आले, की बहुधा एक ठरलेले वाक्य भेटते : दुष्काळामुळे किंवा परचक्रामुळे ही वस्ती उजाड झाली असावी. खापरे बहामनी काळातली वाटली तर दुर्गादेवीचा दुष्काळ, त्यानंतरची वाटली तर १६३०–३२ चा. हे दुष्काळ पडले, त्यांत माणसे मेली, कुटुंबे परागंदा झाली, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुरावा मांडण्याच्या क्रमाबद्दल. रंगीत काचेच्या बांगड्या, झिलईची भांडी आणि साधी खापरे यांवरून वस्तीचा काळ फार तर शंभर-दोनशे वर्षांच्या पट्ट्यात बसवता येतो. एवढ्या रुंद पट्ट्यात कोणता ना कोणता दुष्काळ सापडतोच. मग तोच कारण म्हणून लिहिला जातो, आणि पुढचा अभ्यासक त्याच दुष्काळाच्या आधारे तिथल्या वरच्या थराची अखेर ठरवतो. हे वर्तुळ तोडायला हवे. गाव का उठले हे सांगण्याआधी ते कसे उठले, हे जमिनीतून दाखवावे लागेल.

असा अभ्यास काय देऊ शकतो, हे पाहायला इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या वॉरम पर्सी या उठलेल्या मध्ययुगीन गावाइतके चांगले उदाहरण नाही. तिथेही सोपे उत्तर हाताशी होते : १३४८–४९ ची महामारी. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड यांनी १९५० मध्ये तिथे खोदायला सुरुवात केली, लवकरच पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्यांना येऊन मिळाले, आणि १९९० पर्यंत दरवर्षी काम चालू राहिले. कागदांत दिसते ते असे : महामारीला वीस वर्षे होऊन गेल्यावर, १३६८ मध्ये, गावात सुमारे तीस घरे होती, १४५८ मध्ये सोळा उरली. घरे कमी झाली, पण गाव नांदत होते. पुढे जमीनमालकांना कुळांच्या नांगरटीपेक्षा मेंढ्यांची लोकर फायद्याची वाटू लागली आणि १५०० च्या सुमारास उरलीसुरली कुटुंबेही काढून लावली गेली. महामारी आणि उजाड होणे यांच्यामध्ये दीडशे वर्षे गेली. गावातले सेंट मार्टिनचे चर्च तर त्यानंतरही आसपासच्या लोकांसाठी विसाव्या शतकापर्यंत उघडे राहिले. बाजूचे भाग पाडून इमारत तेवढी लहान होत गेली. घरे गेली तरी देवस्थान चालू राहते, हे महाराष्ट्रात काम करणाऱ्याला नव्याने सांगायला नको. ओसाड गावाच्या मारुतीला शेजारच्या गावातून तेल घालायला येणारी माणसे आपल्याकडेही आहेत. म्हणूनच देवळातल्या वस्तूंवरून गावाची अखेर ठरवणे धोक्याचे आहे.

याच उत्खननातली दुसरी गोष्ट आपल्या अधिक कामाची आहे. घरांच्या पायांची वेडीवाकडी, एकमेकांवर आलेली बांधणी पाहून आधी असे मानले गेले, की शेतकऱ्यांची घरे तकलादू होती आणि पिढीगणिक नव्याने उभी राहत. १९८९ मध्ये स्टुअर्ट रॅथमेल यांनी त्याच नोंदी पुन्हा तपासून दाखवले, की छताचा भार भिंतींवर नव्हता, तो जाड लाकडी सांगाड्यावर होता. भिंती ढासळत, पुन्हा घातल्या जात. घर मात्र तेच राहत असे. आपल्या धाब्याच्या घरांतही खांब आणि तुळया भार पेलतात, मातीची भिंत आडोशापुरती असते. तेव्हा भिंतीच्या दोन थरांना वस्तीचे दोन टप्पे म्हणण्याआधी खांबांच्या जागा पाहायला हव्यात. गाव उठतानाही लाकूड बोलते. माणसे ठरवून निघाली तर खांब, तुळया, दारे, चौकटी काढून नेतात, कारण नव्या जागी घर उभे करताना सर्वांत महाग तेच पडते. मागे उरतात रिकामे खड्डे आणि झाडलेली जमीन. आग लागली असेल तर कोळसा आणि भाजलेली माती सापडते. पळापळ झाली असेल तर जाते, पाटा आणि धान्याचे रांजण जागेवर राहतात. यावर कोणी म्हणेल, की मागाहून शेजारच्यांनी सामान उचलले तरी जमीन रिकामीच दिसणार. आक्षेप रास्त आहे. पण तुळई छत पडण्याआधी काढली की नंतर ढिगारा उकरून काढली, हे थर नीट सोलले तर कळते. पडलेल्या मातीतून खाली गेलेला खड्डा आणि तिच्याखाली दबलेला खड्डा सारखे नसतात. अट एवढीच, की खणती लहान चौकटीची नसावी. हर्स्ट यांनी डॅनिश पद्धतीवरून पूर्ण घराचा विस्तार एकत्र उघडला, म्हणून तर पुढे रॅथमेल यांना तो पुन्हा वाचता आला.

दुसरा आक्षेप दफ्तरांच्या बाजूने येतो : कागदांत गाव दुष्काळाने पडल्याचे स्पष्ट लिहिले असताना मातीत कशाला शोधायचे? पण तो कागद वसुलीचा असतो. सूट मागणारा पाटील संकट मोठे करून सांगतो, कौल देणारा अंमलदार वसाहतीचे श्रेय घेतो, आणि दोघांनाही गावाच्या आधीच्या ओहोटीशी कर्तव्य नसते. गतकुळी जमिनी कधीपासून वाढत होत्या, कोणते वाडे आधीच बंद होते, विहिरीतला गाळ कधीपासून काढला गेला नाही, हे त्यात क्वचितच येते. विहिरीच्या गाळातले सर्वांत खालचे खापर या बाबतीत अर्जापेक्षा भरवशाचे आहे. कागद टाकून द्यावेत असे नव्हे. त्यांची साक्ष जमिनीच्या साक्षीशेजारी ठेवून तपासावी, इतकेच.

राहिला वेळेचा आणि पैशाचा प्रश्न. चाळीस वर्षांचे उत्खनन आपल्याला परवडणार नाही, हे खरे. शिवाय नेवाशासारख्या ठिकाणीही ओढ खालच्या थरांची होती. मध्ययुगीन थर ओलांडून पुढे जायचे, ही सवय आपल्या विद्येत मुरलेली आहे. पण बरेचसे काम खणतीविना होते. महसुली गावनकाशात ओसाड मौजे अजून वेगळे दिसतात; त्यांच्या शिवा, पाणंदी आणि विहिरी चालत जाऊन नोंदवता येतात. उठलेल्या गावाच्या वीरगळी आणि देव बहुधा लोकांबरोबर शेजारच्या गावी जातात, म्हणून आजच्या देवळासमोरची वीरगळ मूळ कुठल्या पांढरीची, हे जुन्या घराण्यांना विचारून लिहून ठेवता येते. ही चौकशी लांबणीवर टाकण्याजोगी नाही, कारण पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात जात आहे आणि तिच्याबरोबर सर्वांत आधी जातो तो हाच वरचा थर. यापुढे मध्ययुगीन वस्तीवरील लेख स्वीकारताना आम्ही लेखकांकडून तीन गोष्टी स्वतंत्रपणे मागणार आहोत : शेवटच्या जमिनीवर काय सापडले आणि काय सापडले नाही, छत केव्हा व कसे पडले, आणि विहिरीचा गाळ कोणत्या खापरांनी सुरू होतो. दुष्काळाचे नाव त्यानंतर लिहावे, आणि या तिन्हींतून ते निघत नसेल तर लिहू नये.