डावा मेंदू, उजवा हात

हालचालींची आज्ञा वाहणारे बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, बाजू बदलतात. त्यामुळे उजव्या हातावर डाव्या मेंदूची सत्ता चालते. बहुतेकांची वाचाही डावीकडेच वसते. म्हणूनच उजवे अंग लुळे पडले की पुष्कळदा बोलणेही खुंटते. लकवा हातापायांत दिसतो. घाव मात्र मेंदूच्या रक्तवाहिनीत असतो.

शेजारच्या गडचिरोलीतील गावांत ‘सर्च’ संस्थेने केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झाल्याचे आढळले; त्यांतील बहुसंख्य घरीच झाले होते.

तोंड वाकडे होणे, हात न उचलणे, जीभ अडखळणे, यांपैकी एकही लक्षण अचानक दिसताच वेळ टिपून ठेवा व १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. तत्पूर्वी गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनने ठरवावे लागते. म्हणून सिंदेवाहीहून निघतानाच ती सोय कोठे आहे, हे विचारून घ्या. रुग्णाच्या तोंडात पाणी वा गोळी घालू नका. ती श्वासनलिकेत जाऊ शकते. मालिश, झाडपाला यांत वेळ दवडू नका.

आणि आज घरातील ज्येष्ठांचा रक्तदाब अवश्य मोजून घ्या.