तसबिरींचीं कार्डें व दोन अनामिक स्त्रिया

खापा येथें कन्हान नदीच्या बाजूस असलेल्या एका जुन्या वाड्याची आवराआवर गेल्या महिन्यांत चालली होती. तींत निघालेला पत्र्याचा एक डबा आमच्या परिचयाच्या एका व्यापारी गृहस्थांनीं आम्हांस आणून दाखविला. आंत तीसेक पोस्टकार्डें. एका अंगास संगीत रंगभूमीवरील नटांची तसबीर, दुसऱ्या अंगास मजकूर व पत्ता. “हीं रद्दींत घालावीं कीं विकावीं?” असा त्यांचा प्रश्न होता. असे डबे सावनेर-नागपूरकडेहि पुष्कळ घरीं असतील, म्हणून आमचें उत्तर छापून देणें आम्हांस इष्ट वाटतें.

हीं कार्डें म्हणजे निव्वळ शोभेची वस्तु नव्हे. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून पुढील पन्नास वर्षें महाराष्ट्राचा कान या नटांनीं घडविला. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ झालें. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षीं निवर्तले. त्यांस प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य आज उरलेला नाहीं. शेला कसा घेत, हात कसा ठेवीत, हें सांगावयास आतां तसबिरीच काय त्या शिल्लक आहेत. त्याच सालीं २ ऑगस्टला इटलीचा विख्यात गायक कारूझो वारला. त्याचीं कार्डें तिकडील शौकीन भूमिका, छायाचित्रकार व साल यांची नोंद करून जपतात. आमच्याकडे तीं मोडीच्या भावानें जातात.

परंतु आम्हांस खरें दुःख झालें तें दुसऱ्याच गोष्टीचें. बालगंधर्वांचीं कार्डें त्या डब्यांत रेशमी फडक्यांत गुंडाळून ठेविलेलीं होतीं. तळाशीं मात्र दोन कार्डें उघडींच पडलीं होतीं. त्यांवर दोन गाणाऱ्या स्त्रियांच्या तसबिरी. एकीच्या चेहऱ्यावर कोणी तरी शाई फांसलेली. “या बायांचीं कार्डें घरांत नकोत,” असें आमचे व्यापारी मित्र सहज बोलून गेले! पुरुषानें शालू नेसला तर ती कला, आणि स्त्रीनें गळा मोकळा केला तर तो कलंक, हा न्याय कोणत्या स्मृतींतला, हें त्यांनींच आम्हांस दाखवून द्यावें. मेल्बाबाईंच्या कार्डावर विलायतेंत त्यांचें नांव ठळक छापीत; या दोघींच्या कार्डांवर नांवच नाहीं. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान तबकडीसाठीं गाऊं लागली, तेव्हां गाणें संपतांच ती आपलें नांव स्वतः पुकारीत असे. तें कां, हें या दोन कार्डांकडे पाहिलें म्हणजे कळतें. पुढें हिराबाई बडोदेकरांनीं रंगभूमीवर आणि मैफलींत समाजाची ही भीड मोडली व १९७० सालीं सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें. पण हिराबाईंना डोक्यावर घ्यावयाचें आणि त्यांच्या आधींच्या बायांस शाई फांसावयाची, हें कसें?

आतां व्यवहाराचें. खळ सुताला हवी, तसबिरीच्या पाठीला नको, हें विणकरांच्या गांवांत निराळें सांगावयास नको. खळीवर कसर लागते आणि मागील मजकूरहि जातो. कार्डें वहींत चिकटवूं नयेत. तिकीट पाण्यांत भिजवून सोडवूं नये. त्यावरील शिक्क्यांतच पुष्कळदां गांव व तारीख मिळते. तसबीर छापली तर छायाचित्रकाराचे वारस दावा करतील अशी भीति कांहींस वाटते. १९२१ पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रावरील हक्काची मुदत केव्हांच सरली आहे. मात्र शंभर वर्षें पुरीं झालेली ऐतिहासिक वा कलाविषयक वस्तु १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुरावस्तूच्या व्याख्येंत येऊं शकते, व पुरावस्तु खाजगी माणसानें परदेशीं धाडणें त्या कायद्यानें मना आहे. परदेशचा गिऱ्हाईक चढा भाव देतो म्हणून हुरळणाऱ्या व्यापाऱ्यांनीं आधीं वकिलास विचारावें. मूळ कार्ड घरीं ठेवावयाचें तर ठेवावें, पण दोन्ही अंगांची छायाप्रत गांवच्या वाचनालयांत द्यावी, आणि घरांतील म्हाताऱ्यांस ठाऊक असेल तितकी माहिती सोबत लिहून ठेवावी.

आमचे मित्र डबा घेऊन गेले. जातांना तीं दोन कार्डें मात्र त्यांनीं आमच्या मेजावरच सोडलीं. त्या दोघींस कोणी ओळखीत असल्यास त्यांनीं आमच्या कचेरींत येऊन नांवें सांगावीं. आणि कार्डें परत नेण्यास आमच्या मित्रांनींहि यावें.