मागाचे तेल आणि बिलातली कटौती

मागे सूस येथील माझ्या गोडाऊनमध्ये मालेगावहून ग्रे कापडाच्या गाठी उतरल्या. उघडल्या तर कितीतरी ताक्यांवर तेलाचे काळपट डाग. रिवाजाप्रमाणे मी मागवाल्याच्या बिलातून कटौती केली. फोनवर तो एवढेच म्हणाला, "सेठ, तुमच्या भावात यापेक्षा चांगले तेल कुठून आणू?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तीस वर्षे कापड विकले, पण मागाच्या तेलाची चौकशी मी त्यानंतर केली.

धोट्याच्या साध्या मागाला तेल कुप्पीने वरून घालतात. जास्त झालेले तेल उडते आणि थेट कापडावर पडते. पुष्कळ शेडमध्ये सुटे, बिनमार्काचे तेल येते. काही ठिकाणी तर गाडीच्या इंजिनातून काढलेले जळके तेल गाळून वापरतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात काजळी असते आणि लोखंडाची बारीक भुकटीही. पुढे प्रोसेस हाउसमध्ये पेरॉक्साइडने कापड पांढरे करताना लोखंडाच्या कणाशी पेरॉक्साइड एकदम जोर धरते, धागा तेथेच कमजोर होतो आणि बारीक छिद्र पडते. नुसता डाग असता तर गडद रंगात लपला असता. छिद्र कशात लपवणार?

साधे खनिज तेल नवे असले तरी अडचण राहतेच. खाण्याचे तेल कॉस्टिक सोड्यात उकळले की त्याचा साबण होतो. खनिज तेलाचा होत नाही. म्हणून मागासाठी धुतले जाणारे तेल वेगळे बनवतात. त्यात पाण्याशी मिसळवणारे द्रव्य घातलेले असते. शिवाय झीज रोखणारे, गंज रोखणारे, तेल लवकर खराब होऊ न देणारे आणि ते उडू नये म्हणून चिकटपणा आणणारे द्रव्य असते. यातील गंजरोधकाकडे आपल्याकडे कोणी पाहत नाही, वास्तविक सुती मागाच्या शेडमध्ये हवा ओलसर ठेवावी लागते. डब्यावरचा 'व्हीजी 68' हा आकडा फक्त 40 अंश सेल्सिअसवरचा दाटपणा सांगतो, दर्जा नव्हे. दुकानदार तोच आकडा दाखवून काहीही गळ्यात मारतो.

पारख घरीही होते. ग्लासभर पाण्यात चमचाभर तेल हलवा. दुधासारखे झाले तर ते पाण्यात मिसळणारे आहे. वर तरंगले तर साधे. मग ग्रे कापडाच्या तुकड्यावर थेंब टाकून कोमट साबणपाण्यात धुऊन पाहा. मात्र डाग पडल्यावर माल महिनोन्‌महिने गाठीत ठेवला तर चांगल्या तेलाचा डागही पिवळा होऊन बसतो.

आता आमच्या व्यापारी बंधूंसाठी. हुजूर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली आणि विकणाऱ्याला त्यांनी जाब विचारला. हा प्रसंग आपण मागवाल्याला नेहमी ऐकवतो. पण मीटरमागे काही पैसे दाबून त्याला जळक्या तेलाकडे ढकलणारे आपणच आहोत. सौदा करतानाच धुतल्या जाणाऱ्या तेलाची शर्त घालावी आणि तो फरक भावात द्यावा. त्यानंतर डाग आला तर कटौती खुशाल करावी.

मालेगावच्या त्या बिलातली निम्मी कटौती मी परत पाठवली. पुढच्या सौद्याच्या चिठ्ठीवर तेलाचा मार्का लिहून घेतला आहे.