झेंड्यामागून नेपल्स दिसत नाही

"आमची इटली झाली," असं मराठी मध्यमवर्गीय माणूस सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की एका वातानुकूलित बसचे पैसे त्याने फेडले. रोमला कोलोसियमसमोर वीस मिनिटं, पिसाला मनोरा हाताने सावरल्याचा फोटो, फ्लोरेन्सला चामड्याच्या पाकिटांची खरेदी, व्हेनिसला जादा पैसे भरून गोंडोला, आणि रोज संध्याकाळी हमरस्त्यालगतच्या कुठल्याशा भारतीय खानावळीत पनीर, पिवळी डाळ, गुलाबजाम. दिवसभर इटली, रात्री ठाणे. नेपल्स या यादीत बहुतेक नसतंच. असलं तर पॉम्पेईला जाताजाता माइकवरून एक घोषणा होते, "डावीकडे बघा, पिझ्झा इथला." चाळीस माना डावीकडे वळतात, चाळीस फोन वर होतात, आणि बस पुढे जाते.

याबद्दल मी टूरवाल्यांची ऋणी आहे. त्यांनी वगळलं म्हणून मला ते शहर मिळालं.

मी एकटी जाणार म्हटल्यावर घरात जे झालं ते प्रत्येक मराठी घरात होतं. आत्या म्हणाली, "अशी बेवारशासारखी फिरणार?" दीर म्हणाले, "वहिनी, नेपल्स म्हणजे माफिया." (नेपल्सच्या टोळ्यांना कामोर्रा म्हणतात आणि माफिया सिसिलीचा, पण दिरांनी सिनेमे पाहिलेत, त्यांच्याशी कोण वाद घालणार?) परकीय चलनाच्या काउंटरवरच्या मुलाने अर्जाकडे बघत विचारलं, "मॅडम, सर नाही येत?" या 'सरां'वर एक वेगळा लेख होईल. तूर्तास एवढंच, की सर त्या दिवसांत घरी व्यवस्थित जेवत होते.

भीतीचंच आधी निपटून टाकू. ज्या शहराच्या लोकल रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांवर माणसं मरतात, त्या मुंबईचा माणूस मला नेपल्सच्या पाकीटमारांची भीती घालतो! पिशवी दादरला जशी पोटाशी धरतो तशी धरावी, स्टेशनच्या आसपास रात्री उगाच रेंगाळू नये, झालं. उलट जुन्या नेपल्समध्ये रात्री अकराला मला जेवढं निर्धास्त वाटलं, तेवढं आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागच्या रस्त्यावर संध्याकाळी आठला वाटत नाही. तिथल्या गल्ल्यांत तळमजल्याला 'बास्सी' असतात. एका खोलीचं घर, आणि त्याचं दार थेट रस्त्यावर उघडणारं. रात्री आजीबाई खुर्ची बाहेर टाकून बसलेल्या, पोरं फुटबॉल बडवताहेत, कुणाची तरी सून वरच्या खिडकीतून ओरडते आहे. एवढ्या डोळ्यांसमोरून चोरानेसुद्धा परवानगी काढूनच जावं. आपण मात्र गेटवर वॉचमन बसवून रस्ता ओस पाडला आणि त्याला सुरक्षितता म्हणालो.

आता मुद्द्याचं. नेपल्स गटाने पाहता येत नाही. 'पाहू नये' असा उपदेश मी करत नाहीये, ते जमतच नाही. ग्रीकांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हे शहर आखलं. पूर्व-पश्चिम तीन लांब रस्ते आणि त्यांना छेदणाऱ्या चिंचोळ्या गल्ल्या. ती आखणी आजही जागच्या जागी आहे. १९९५ मध्ये युनेस्कोने या जुन्या भागाला जागतिक वारसा म्हटलं, त्यामागे हेही एक कारण आहे. तीनातल्या खालच्या रस्त्याला लोक स्पाक्कानापोली म्हणतात. वरच्या टेकडीवरून पाहिलं तर तो शहराच्या मधोमध सुरीने चिरल्यासारखा दिसतो. अशा रस्त्यात झेंडेवाल्या गाइडमागून चाळीस माणसं शिरली की रस्ता बंद. स्कूटरवाला हॉर्न दाबतो, मासळीवाला हात थांबवून बघत राहतो, बाई खिडकी लावून घेते. गटाला वाटतं, हेच नेपल्स. नेपल्स तर त्यांना बघून थांबलेलं असतं.

एकट्या माणसासाठी कुणी थांबत नाही, आणि सगळी मजा त्यातच आहे. क्वार्तिएरी स्पान्योली हा सोळाव्या शतकात स्पॅनिश सैनिकांसाठी वसवलेला उतारावरचा मोहल्ला. तिथे एका गल्लीत मी वाळत घातलेल्या चादरींखालून चालले होते. वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. तिथे तिला 'पानारो' म्हणतात, आणि जिने न उतरता बाजारहाट करायची ती जुनी सोय आहे. टोपलीत पैसे होते. दुकानदार आत फोनवर वाद घालत होता. वरच्या आजीने दोनदा त्याला हाक मारली आणि तिसऱ्यांदा मला. भाषा मला येत नव्हती, हुकूम कळला. पैसे दुकानदारापुढे ठेवले, त्याने फोन न सोडता पाव आणि सुट्टे माझ्या हातात कोंबले, मी ते टोपलीत घातले, टोपली वर गेली. आजीने आभार मानले नाहीत. का मानावेत? गल्लीत उभ्या असलेल्या बाईला काम सांगायचं असतं. गटातल्या माणसाला असं काम कधी कोणी सांगत नाही, कारण तो तिथे नसतोच. तो बसच्या वेळापत्रकात असतो.

कॉफीचंही तेच. नेपल्समध्ये कॉफी उभ्याने प्यायची. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, चिठ्ठी घेऊन काउंटरला यायचं, पाण्याचा छोटा ग्लास मिळतो तो आधी प्यायचा, मग दोन-तीन घोटांत ती काळी, दाट, जीभ भाजणारी कॉफी संपवायची आणि जागा सोडायची. सगळा विधी तीन-चार मिनिटांचा. त्यातही कुणी एक कॉफी पिऊन दोन कॉफींचे पैसे भरतो, दुसरी पुढे येणाऱ्या कुणा गरजू अनोळख्यासाठी. तिला 'काफे सोस्पेसो' म्हणतात. देणारा घेणाऱ्याचं तोंड बघत नाही, घेणारा देणाऱ्याचं. एकट्या माणसांनी एकट्या माणसांसाठी केलेली एवढी शहाणी व्यवस्था मी दुसरीकडे पाहिली नाही. आता या काउंटरवर आपला गट डोळ्यासमोर आणा. "यात दूध वेगळं मिळेल का?" "एवढीशीच?" "वन बाय टू?" मागे वकील, प्लंबर, पोलीस ताटकळताहेत आणि काका सुट्टे मोजताहेत.

खाण्याचे हाल होतात ही तर निव्वळ अफवा आहे, आणि ती कोण पिकवतं हे भारतीय खानावळींची बिलं पाहून ओळखावं. मारिनारा पिझ्झावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं. चीजसुद्धा नाही. रस्त्यावर लहान पिझ्झा चार घड्या घालून कागदात देतात, तो चालता चालता खायचा. 'फ्रियारिएल्ली' नावाची कडवट पालेभाजी लसूण-मिरची घालून परततात. आपल्या आज्या ती भाकरीबरोबर सहज जेवल्या असत्या. आणि एकटीला टेबल लगेच मिळतं. दारात नाव लिहून उभं असलेलं सहाजणांचं कुटुंब तासभर एकमेकांवर खेकसत असतं, तेवढ्यात मी आत जाऊन, जेवून, बाहेर आलेली असते. त्यांच्याकडे बघून हसू नये असं संस्कार सांगतात. मी हसले.

कुणाबरोबर प्रवास करणं ही न संपणारी वाटाघाट असते. याचे पाय दुखतात, तिला शॉपिंग राहिलं, पोराला वायफाय हवं. आपण चित्रापुढे उभे असतो आणि लक्ष बरोबरच्याच्या जांभईकडे. पिओ मोंते देल्ला मिझेरिकोर्दिया ही १६०२ मध्ये सुरू झालेली धर्मादाय संस्था. तिच्या चर्चमध्ये कारावाज्जोचं 'दयेची सात कृत्यं' हे भलंमोठं चित्र आहे. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, मृताला मूठमाती अशी सातही कृत्यं त्याने एकाच अंधाऱ्या गल्लीत कोंबली. तुरुंगाच्या गजांतून तोंड बाहेर काढलेल्या म्हाताऱ्या बापाला लेक अंगावर पाजते आहे. कोपऱ्याआडून मढं नेताहेत, त्याचे फक्त तळपाय दिसतात. १६०६ मध्ये रोमला एकाचा खून करून पळालेला हा चित्रकार नेपल्सला आला, तोही प्रवासविमा न काढता. मी त्या चित्रापुढे हवी तेवढी बसले. किती वेळ ते मोजायला कोणी नव्हतं. बाहेर व्हिया देई त्रिबुनालीवर आले तर तीच गल्ली, तोच अंधार, कोपऱ्याआडून तसेच दोन पाय. फरक इतकाच की हे पाय जिवंत होते आणि स्कूटरवर होते.

त्याच रस्त्यावर पुर्गातोरिओ आद आर्को नावाचं चर्च आहे, दाराशी ब्राँझच्या कवट्या. शतकानुशतकं नेपल्सचे लोक बेवारस मृतांच्या कवट्या दत्तक घेत. आपल्या वाटणीची कवटी पुसायची, तिला फुलं वाहायची, तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची, आणि बदल्यात लॉटरीचा आकडा मागायचा. व्यवहाराला व्यवहार. १९६९ मध्ये आर्चबिशपांनी या पूजेवर बंदी घातली, तरी लोकांचं येणं काही पुरतं थांबलं नाही. आत्याला हे सांगितलं. जिथे मेलेल्या बेवारशांचीही सोय लागते, तिथे जिवंत बेवारशीचं काय वाकडं होणार? आत्याने विषय बदलला.

आणि आता पुरातत्त्व संग्रहालय, जिथे आपल्या गटांचं पितळ खऱ्या अर्थाने उघडं पडतं. १९३८ मध्ये पॉम्पेईत, इसवी सन ७९ च्या राखेखालून, हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. वीतभर उंची, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता बरेच अभ्यासक यक्षी मानतात. अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला सापडल्या आहेत, आणि काही अभ्यासक पॉम्पेईच्या मूर्तीचं मूळ थेट भोकरदनशी जोडतात. म्हणजे सातवाहनांच्या काळातली बहुधा आपल्याकडची ही बाई जवळपास दोन हजार वर्षं नेपल्सच्या मुलखात आहे. मराठी गटांना ती का दिसत नाही? कारण ती संग्रहालयाच्या 'गुप्त दालना'त ठेवली आहे. पॉम्पेईची बरीच शृंगारिक चित्रं, शिल्पं, लिंगाच्या आकाराचे दिवे तिथेच आहेत. "फॅमिली बरोबर आहे" म्हणून गाइड ते दालन टाळतो. मामंजी, सूनबाई, विहीणबाई असा लवाजमा घेऊन तिथे जाणार कोण? एकटी बाई जाते, शांतपणे बघते, कुणाकडे न बघता लाजायचं की नाही ते ठरवते. मी ठरवलं, नाही लाजायचं.

गटवाल्यांना एवढं झोडपलं म्हणून 'सोलो ट्रॅव्हल'वाल्यांनी टाळ्या वाजवू नयेत. ट्रायपॉड लावून, पाठमोरं उभं राहून, समुद्राकडे बघत 'स्वतःचा शोध' घेणारी ही जमात मला गटापेक्षा जास्त सोसत नाही. स्वतःला शोधायला नेपल्सला कशाला जायचं? स्वतः तर डोंबिवलीतही सापडतं, टाळता टळत नाही. आणि नेपल्स आपल्याला स्वतःपाशी बसूच देत नाही. ते बोलतं, ढकलतं, हॉर्न वाजवतं, तुमच्या अंगावर कुणाच्या तरी पायजम्याचं पाणी ठिबकवतं. मला तिथे जे मिळालं ते शोधाच्या नेमकं उलट. तिथे मी कुणाची वहिनी नव्हते, मॅडम नव्हते, 'सोसायटीच्या कमिटीवरच्या त्या' नव्हते. स्वतःपासून एवढी रजा मला आजवर कुठल्याच कचेरीने मंजूर केलेली नाही.

आणि या सगळ्यावरचा कळस परवा व्हॉट्सअॅपवर आला. धाकट्या जावेने पाठवला, 'तुम्हाला आवडेल' असं लिहून. एका टूर कंपनीचं रंगीत माहितीपत्रक: 'फक्त महिलांसाठी, सोलो इटली!' चाळीस बायका, एक बस, एक झेंडा, ट्विन शेअरिंग, आणि ज्या बाईला खरंच एकटीला खोली हवी तिला वर 'सिंगल सप्लिमेंट' नावाचा दंड. १८४१ मध्ये टॉमस कुक नावाच्या इंग्रजाने दारूबंदीच्या सभेसाठी लेस्टरहून आगगाडी भरून माणसं नेली, तिथून हा धंदा वाढला. पण एकटेपणही डझनाने विकता येईल हे त्यालासुद्धा सुचलं नव्हतं. नेपल्ससाठी पंचेचाळीस मिनिटं राखली आहेत, बसमधून.

त्या चाळीसजणींची टिंगल मी करणार नाही. त्यांतल्या कित्येकींनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं तिकीट काढलं असेल, आणि घरून निघताना फ्रीजमध्ये आठवड्याच्या भाज्या करून ठेवल्या असतील. माझी आशा एकीवर आहे. बस सिग्नलला थांबेल, ही पोट दुखतंय म्हणून उतरेल, गाइडला "तुम्ही व्हा पुढे" म्हणेल आणि पहिल्या दिसेल त्या गल्लीत शिरेल. मला तिची ओळख करून घ्यायची नाही. तिनेही माझी करून घेऊ नये.