आज्ञेची ओळ

मुलें पुण्यामुंबईस नोकरीला लागलीं म्हणजे त्यांच्या धंद्यांतील चार शब्द घरांत येतात. 'क्लाउड डेटाबेस' हा त्यांपैकींच एक. नांवांत ढग असला तरी नोंदी आकाशांत नसतात. अमेझॉन कंपनीनें २०१६ सालीं मुंबईंत आपलीं संगणक-केंद्रें सुरू केलीं. केळापुरांत बसून लिहिलेली आज्ञा तेथील यंत्रास क्षणांत पोहोंचते.

अशी आज्ञा देण्याचें एक साधन म्हणजे 'पीएसक्यूएल'. तें पोस्टग्रेस नांवाच्या विनामूल्य डेटाबेसचें आहे. त्यांत चित्रें नाहींत, बटणें नाहींत. काळी खिडकी आणि लिहावयाची ओळ, एवढेंच. दूरच्या यंत्राचें नांव, डेटाबेसचें नांव व आपलें नांव दिलें कीं तें परवलीचा शब्द विचारतें. तो तेव्हांच द्यावा, आज्ञेच्या ओळींत लिहूं नये. कारण लिहिलेल्या ओळी संगणक जपून ठेवितो.

सूत्रकारांप्रमाणें येथेंहि शब्द थोडे व अर्थ नेमका. परंतु सूत्रास भाष्यकार लाभतो, आज्ञेस लाभत नाहीं. 'डिलीट' लिहिलें आणि कोणत्या नोंदी हें सांगणारें 'व्हेअर' राहिलें, तर त्या तक्त्यांतील सर्व नोंदी पुसल्या जातात. 'खरोखर पुसूं काय?' असें यंत्र विचारीत नाहीं.

म्हणून प्रथम 'बिगिन' लिहावें, मग डिलीट. किती ओळी पुसल्या तो आंकडा यंत्र सांगतें. तीन अपेक्षिल्या व तीनच गेल्या, तर 'कमिट'. तीनशें गेल्या, तर 'रोलबॅक', कीं सर्व पूर्ववत्.

आपण कोणत्या यंत्राशीं बोलत आहों, हेंहि 'कॉनइन्फो' आज्ञेनें पाहून घ्यावें. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्यानें दुय्यम यंत्र समजून मुख्य यंत्रावरील पोस्टग्रेसचें दफ्तरच पुसलें. दफ्तर असें मुळासकट गेल्यावर रोलबॅकचा उपयोग नसतो. नेहमींच्या नकला निघतच नव्हत्या, हेंहि तेव्हांच कळलें. सहा तासांपूर्वीं सहज घेतलेली एक प्रत हाताशीं होती, म्हणून तेवढ्याच अवधींतील नोंदी गेल्या.

बिगिन लिहून तसेंच उठूंहि नये; त्याच नोंदी बदलूं पाहणारे इतर लोक तोंवर ताटकळतात. तेव्हां घरून काम करणारा मुलगा किंवा सून अशा खिडकीपुढें बसली असेल, तर वडील मंडळींनीं दोन मिनिटें हांक मारूं नये. चहा पुन्हां ऊन करतां येतो.